सगळं बिघडलेलं असताना उपकारस्तुती कशी करायची?

पारनेरची_मार्था

सलाम सगळ्यांना.

माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. दिवसाआड डायलिसिस असतं. तो कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता, ते काम सुटलं. घर आता माझ्या शाळेतल्या क्लार्कच्या पगारावर चालतं. मशीनचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून निघतो, पण येणं-जाणं, वरची औषधं, तपासण्या हे सगळं आपल्यालाच बघावं लागतं. परिस्थिती कळावी म्हणून सांगितलं, मदत मागायला धागा काढलेला नाही.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नुकताच हंगामाचा सण झाला, पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा. उपासनेत सेक्रेटरींनी उपकारस्तुतीच्या दानांची यादी वाचली. नातू झाला म्हणून, घराचा स्लॅब पडला म्हणून, ऑपरेशन सुखरूप झालं म्हणून. बाहेर आल्यावर मंडळीतल्या एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, "मार्था, यांच्या आजाराबद्दलही देवाचे आभार मान. तू मानत नाहीस तोवर मार्ग निघायचा नाही." बाई मनानं फार चांगल्या आहेत. आमच्या अडचणीत डबा घेऊन आलेल्या आहेत. पण त्या दिवसापासून माझी प्रार्थनाच अडकली आहे. आजाराबद्दल आभार मानायला माझी जीभ वळत नाही.

विश्वास गेलेला नाही. उलट बाकीच्या गोष्टींचे उपकार मी रोज मानते. सुई पहिल्या खेपेत बसली, शेजारची ताई मुलीला शाळेतून घेऊन आली, रात्री याला झोप लागली. पण हे असं निवडून निवडून आभार मानणं देवाला चालतं का? मोठ्या दुःखाला बगल देऊन बारक्या गोष्टींचे आभार मानले तर ती फसवणूक होते का? ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांनी सांगा.

वसईची_माय

मार्था, आधी तुला आणि तुझ्या घरधन्याला प्रार्थनेत घेते, मग बोलते.

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे संध्याकाळी घरात जपमाळेची प्रार्थना होते. तिच्यात येशू आणि मरियेच्या आयुष्यातल्या प्रसंगांवर मनन करतात, त्यांना रहस्यं म्हणतात. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची रहस्यं जोडली, ती गुरुवारी. म्हणजे दुःखाला आठवड्यात स्वतःचे दोन दिवस आहेत. मंगळवारी आम्ही येशूच्या रक्ताच्या घामावर, फटक्यांवर, काट्यांच्या मुकुटावर मनन करतो. त्या दिवशी कुणी म्हणत नाही की आधी हसून दाखवा.

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा आईनं वर्षभर गौरवाच्या दिवशीही दुःखाचीच रहस्यं म्हटली. फादर घरी यायचे, सोबत बसायचे, तेही तीच म्हणायचे. त्यांनी आईला एकदाही दुरुस्त केलं नाही. त्या माणसाबद्दल मला आजही फार आदर वाटतो.

निष्ठावंत

ताई, तुमच्या दुःखाबद्दल सहानुभूती आहे, पण मी त्या बाईंच्या बाजूनं बोलणार आहे. बायबलमधल्या पहिल्या थेस्सलनीकाकरांस पत्रात ५:१८ ला स्पष्ट आज्ञा आहे, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात तर सर्व गोष्टींबद्दल सर्वदा आभार मानायला सांगितलं आहे. त्यातून आजार वगळलेला नाही.

माझा छपाईचा धंदा बुडाला, भागीदार पैसे घेऊन गेला. त्याच्यावरच्या रागानं मी आतून जळत होतो. एका रात्री गुडघ्यावर बसलो आणि मोठ्यानं म्हणालो, "प्रभू, हा धंदा बुडाला त्याबद्दल तुझे आभार." तोंडातून शब्द निघत नव्हते, तरी म्हणालो. त्या रात्रीपासून राग उतरत गेला. पैसे परत आले नाहीत, पण मी माणसांत आलो. म्हणून सांगतो, मनाला पटायची वाट बघू नका, आधी जिभेनं म्हणा. आपल्या जीवनात जे येतं ते त्याच्या हातून येतं, एवढं धरलं की बाकी सोपं होतं.

केडगावचे_मास्तर

निष्ठावंत, तुमची साक्ष खरी आहे आणि ती तुमची आहे. पण बुडालेला धंदा आणि नवऱ्याच्या किडन्या एका मापात बसवू नका. आणि मार्थाताईंना त्या बाई जे म्हणाल्या, त्यात "तोवर मार्ग निघायचा नाही" हे वाक्य आहे. ते पवित्र शास्त्रात कुठेही नाही. तिथे आभाराचा सौदा होतो, आणि आजारी माणसाच्या बायकोच्या डोक्यावर एक नवं ओझं चढतं, की बरं होणं माझ्या जिभेवर अटकलंय. हे मला अजिबात मान्य नाही.

ईयोबाचं पुस्तक आपण पहिल्या अध्यायापुरतंच वाचतो. मुलंबाळं, गुरंढोरं, सगळं गेल्यावर ईयोब म्हणतो, परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम. मयताच्या घरी हेच वचन वाचलं जातं. तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो, आणि पुढे पानंच्या पानं देवाशी भांडतो. त्याचे मित्र मात्र देवाची बाजू घेऊन फार शहाणपणाचं बोलतात. शेवटी, ४२:७ ला, देव कुणावर रागावतो? मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी बोलला तसं नीट तुम्ही बोलला नाहीत, असं तो त्यांना सांगतो. भांडणारा खरा ठरला. मी शाळेत आणि रविवारच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं, पण या वचनासमोर दर वेळी थांबतो.

आता ताईंचा मुख्य प्रश्न, निवडून आभार मानले तर चालतात का. प्रभू येशूनं स्वतः काय केलं ते बघा. ज्या रात्री त्याला धरून देण्यात आलं, त्याच रात्री त्यानं भाकर घेतली आणि उपकारस्तुती केली. दर प्रभुभोजनाला पाळकसाहेब हे वाचतात आणि आपण ते ऐकून ऐकून बोथट झालो आहोत. काही वेळानं, त्याच रात्री, गेथशेमाने बागेत तो पालथा पडून विनवत होता की हा प्याला, म्हणजे पुढ्यातलं दुःख आणि मरण, माझ्यापासून टळून जावो. प्याल्याबद्दल त्यानं तिथे आभार मानलेले नाहीत. टळावा म्हणून एकदा नाही, तीनदा प्रार्थना केली, आणि त्याच प्रार्थनेत "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणाला. भाकरीबद्दल आभार आणि प्याल्याबद्दल विनवणी, दोन्ही एका रात्रीत, एकाच मुखातून. मार्थाताई, तुम्ही सुईबद्दल आभार मानता आणि आजार टळावा म्हणून रडता. त्यात बगल देणं कुठे आलं? तुम्ही प्रभूच्याच वाटेनं चालला आहात.

मी केडगावचा, त्यामुळे पंडिता रमाबाईंबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेले. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी कॉलऱ्यानं गेले, तेव्हा मुलगी मनोरमा तान्ही होती. इतकं सोसलेल्या बाई पुढे ख्रिस्ताकडे आल्या. १८९६ च्या शेवटी मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी काय केलं? बसून दुष्काळाचे आभार मानले नाहीत. लहानपणी स्वतः भुकेनं वणवण फिरलेल्या होत्या, भूक काय करते हे त्यांना ठाऊक होतं. त्या उठून तिकडे गेल्या आणि उपाशी, निराधार मुली नि विधवा आपल्यासोबत घेऊन आल्या. आमच्या गावातलं मुक्ती मिशनचं, म्हणजे निराधार बायकामुलींच्या आश्रमाचं, काम त्यातून उभं राहिलं. १९२१ मध्ये मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई. त्या शेवटच्या दिवसांतही मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल पुरं करण्याचं त्यांचं काम चालू होतं. कृतज्ञता म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मी एवढंच सांगतो.

पारनेरची_मार्था

मास्तर, दोनदा वाचलं. याला पण वाचून दाखवलं. तो मशीनवर होता. भाकर आणि प्याला ऐकल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मला हे नको म्हणायची परवानगी आहे." इतके महिने तो माझ्यासमोर तक्रार करायचा नाही, मला वाईट वाटेल म्हणून. आज पहिल्यांदा बोलला.

अबोली

मी ख्रिस्ती नाही, नुसती वाचक. सासूबाईंच्या कॅन्सरमध्ये माझी तीन वर्षं गेली, म्हणून थांबून वाचते आहे. एक विचारू का? आम्हालाही सगळे सांगायचे, पॉझिटिव्ह राहा, कृतज्ञतेची वही लिहा, चांगलं बघा. मला त्याचा फार राग यायचा. कारण अर्थ असा निघायचा की तुझं रडणं आम्हाला बघवत नाही, ते आवर. तुमच्या उपकारस्तुतीत आणि यात फरक काय? मनापासून विचारते आहे.

दूरदेशी

अबोली, मी सोलापूरकडची, कुवेतमध्ये डायलिसिस युनिटला नर्स आहे. तुमचा राग मला कळतो. रोज बघते. नातेवाईक येतात, पेशंटला म्हणतात, हसा की जरा. चार तास हाताला दोन जाड सुया, पायात गोळे, बीपी खाली. त्याला हसायला सांगणारा माणूस खरं तर स्वतःसाठी सांगत असतो.

फरक मला असा दिसतो. वही लिहिताना आभार कुणाचे, हे रिकामं असतं. आमच्याकडे समोर कुणीतरी आहे. ज्याचे आभार मानायचे त्याच्याकडेच तक्रारही करता येते. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, त्यात तक्रारीची, रडण्याची, "कुठवर?" विचारणारी पुष्कळ आहेत. ८८ वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटच्या ओळीतही सुटका नाही. आणि ते बायबलमधून कुणी काढलं नाही. रात्रपाळीला मी ते कितीदा वाचलं असेल. घरापासून लांब, आई आजारी, रजा मिळत नाही, अशा वेळी आनंदाचं स्तोत्र घशाखाली उतरत नाही.

आता मार्थाताई, तुमच्यासाठी एक कामाची गोष्ट. दादांच्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी केलेला जोड, असेल, तर त्यावर रोज सकाळी बोटं ठेवून बघत जा. आतून बारीक थरथर लागते, आम्ही तिला थ्रिल म्हणतो. शीर आणि धमनी जोडलेली असल्यानं रक्ताचा जोर तिथे जाणवतो. ती लागली म्हणजे रस्ता चालू आहे. एखाद्या दिवशी लागली नाही तर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. त्या हाताला बीपी घेऊ द्यायचं नाही, रक्त काढू द्यायचं नाही, जड पिशवी उचलायची नाही, त्या कुशीवर हात दाबून झोपायचं नाही.

आमच्याकडे एक आजोबा होते, केरळचे. ते रोज थ्रिल बघताना दोन शब्दांत आभार मानायचे. एवढीच त्यांची सकाळची प्रार्थना. मला सांगायचे, सिस्टर, लांब प्रार्थनेचं बळ मशीन घेऊन जातं, एवढं उरतं. मी त्यांच्याकडून ते शिकले. तुम्हाला बारक्या गोष्टी वाटतात त्या बारक्या नाहीत ताई. सुई पहिल्या खेपेत बसणं म्हणजे काय असतं हे मला विचारा.

शेवगावचा_शेतकरी

सर्वांना सलाम. मी फारसं लिहीत नाही, पण हंगामाच्या सणाचा विषय निघाला म्हणून बसलो.

आमचा भाग पावसाच्या सावलीचा. आजी १९७२ च्या दुष्काळाचं सांगायची. खडी फोडायच्या कामावर सगळं गाव, खायला सुकडी आणि बाहेरून आलेली लाल ज्वारी. त्या वर्षी आमच्या देवळात हंगामाचा सण करायचा का, यावर वाद झाला. हंगामच नाही तर सण कसला, असं तरुणांचं म्हणणं. म्हातारी माणसं म्हणाली, करायचा. मग लोकांनी आणलं काय? कुणी एक अंडं, कुणी दोन लिंबं, कुणी सुकडीची पुडी, कुणी चिंचेचा गोळा. आजीनं गोवऱ्या नेल्या होत्या. वेदीपुढे गोवऱ्या ठेवल्या, आणि पाळकसाहेबांनी त्यावरही प्रार्थना केली.

त्या उपासनेला बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय वाचला होता, हे आजी नेहमी सांगायची. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं उत्पन्न बुडालं, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. आजीला लिहितावाचता येत नव्हतं, पण ही यादी तिला तोंडपाठ. मला त्या वचनात आवडतं ते हे, की हबक्कूक आधी सगळं मोजतो. काय काय नाही ते एकेक करून सांगतो. रिकाम्या गोठ्याला रिकामाच म्हणतो. "तरी" नंतर येतो. आपण घाईनं "तरी" वर जातो आणि मोजायचं राहून जातं. ज्याचं नुकसान झालंय त्याला आधी मोजू द्या.

आणि लिलाव. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आणलेल्या वस्तूंचा उपासनेनंतर लिलाव होतो, पैसे मंडळीच्या कामाला जातात. ऐपत असलेला माणूस एक लिंबू शंभराला घेतो आणि परत लिलावाला ठेवतो. तेच लिंबू फिरत राहतं. दुष्काळात पैसे कुणाकडेच नव्हते, तर लोकांनी श्रमाची बोली लावली. मी एक दिवस तुझी विहीर खणू लागीन, मी तुझ्या म्हातारीला तालुक्याला दवाखान्यात नेईन. आजी म्हणायची, तसा सण पुन्हा झाला नाही.

आमच्याकडे अलीकडे पेटीत पैसे टाकणंच जास्त झालंय. कापसाचा भाव पडला तर पाकीट हलकं होतं, बाकी काही बदलत नाही. श्रमाची बोली परत सुरू करावी असं मला फार वाटतं. मार्थाताईंच्या मंडळीनं यादीत एवढं जरी वाचलं, की अमुक कुटुंबाकडून डायलिसिसच्या दिवशी गाडी देऊ, तर ती खरी उपकारस्तुती.

निष्ठावंत

सगळं वाचलं. मास्तरांनी सौद्याचं लिहिलं ते मान्य, तसं बोलायला नको होतं त्या बाईंनी. पण देवाच्या हाताबाहेर काही घडतं असं मला मानता येत नाही, आणि त्याच्या हातून आलेल्याबद्दल आभार मानू नये असंही मला म्हणता येत नाही. इथे माझं मन अजून अडलेलं आहे. हबक्कूकही शेवटी हर्ष करीनच म्हणतो ना?

केडगावचे_मास्तर

म्हणतो. आणि तुमचं अडणं प्रामाणिक आहे. मीही देवाच्या हाताबाहेर काही आहे असं म्हणत नाही. योहानाचा अकरावा अध्याय घ्या. बेथानीला लाजर मेला होता. आपण त्याला उठवणार हे प्रभूला माहीत होतं. तरी लाजराच्या बहिणीला, मरियेला, रडताना बघून तो रडला. मग कबरेशी उभा राहून म्हणाला, बापा, तू माझं ऐकलंस म्हणून मी तुझे उपकार मानतो. आधी रडला, मग आभार, आणि आभार मरणाबद्दल नव्हते, ऐकण्याबद्दल होते. ज्याला शेवट ठाऊक होता तो रडू शकतो, तर आपल्याला शेवट ठाऊकही नाही. याहून जास्त मला उलगडत नाही, आणि उलगडल्याचा आव मी आणणार नाही.

आणखी एक. फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय पुन्हा वाचा. आनंद करा, चिंता करू नका, हे आपण भिंतीवर लावतो. पण पौल कैदेत होता आणि फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली होती. त्याची पोच त्याच अध्यायात आहे. तुम्ही माझ्या संकटात सहभागी झालात हे चांगलं केलंत, असं तो लिहितो. कैदेतून लिहिलेल्या आनंदाच्या वचनांखाली मदत पोचल्याची पावती आहे. मदत न पाठवता नुसती वचनं पाठवणाऱ्यांनी हा भाग जरूर बघावा.

अबोली

दूरदेशी, मास्तर, उत्तर मिळालं. तक्रारही त्याच्याकडेच करता येते, हे मी सासूबाईंच्या विठोबासमोर करायचेच की. त्या झोपल्या की भांडायचे. कुणाला सांगितलं नव्हतं.

पारनेरची_मार्था

पुढच्या शनिवारी मुलीचा वाढदिवस आहे. दर वर्षी घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतो, पाळकसाहेब येतात, गल्लीतली चार घरं येतात. या वेळी रद्द करणार होते. आता ठेवावी असं वाटतंय. पण याला बसवेल का, आणि खायला काय ठेवू म्हणजे याच्यासमोर सगळे खातायत आणि हा बघतोय असं होणार नाही?

दूरदेशी

मशीनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, संध्याकाळी नको. मशीनच्या दिवशी अंग गळून गेलेलं असतं. अर्ध्या तासात आटपा, दादांना खुर्ची द्या, उभं राहायला लावू नका. त्यांना मोठ्यानं प्रार्थना करायला सांगू नका, त्यांनी आपणहून केली तर वेगळं. फरसाण, चिवडा, शेंगदाणे, केळी, नारळपाणी हे कुणासाठीच ठेवू नका. मीठ आणि पोटॅशियम दोन्ही नको. कमी मिठाचा उपमा सगळ्यांनाच चालेल, पण तुमच्या आहारतज्ज्ञांना एकदा विचारा, प्रत्येकाचे रिपोर्ट वेगळे असतात. चहा लहान कपात, सगळ्यांनाच. म्हणजे त्यांचा कप वेगळा दिसणार नाही.

शेवगावचा_शेतकरी

ताई, पत्ता मला खासगी निरोपात कळवा. शनिवारी मी नगरलाच आहे, बरोबर आमचे दोघं भजनवाले असतील. पेटी, टाळ, मृदंग आमचे आम्ही आणू. शेजाऱ्यांना तेवढं आधी सांगून ठेवा. वाचनाला तेरावं स्तोत्र घ्या. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनमध्ये "कुठवर, कुठवर" असं देवाला विचारणं आहे, शेवटी गाणं आहे. मुलीला वाचायला सोपं जाईल.